छपराचे सांधे भरणारी जनकाबाई

जनकाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. भुसावळकडून येणारी मालगाडी नांदुऱ्याच्या सिग्नलला थांबून शिट्टी मारायची, त्या शिट्टीला ती उठायची. मावशीच्या मळ्यातल्या खोपटात ती राहत होती. दोन भाकरी थापून, वांग्याच्या वाफ्यांत पाणी सोडून, दोन मैल चालत ती जानराव मिस्त्रीच्या कारखान्यात यायची. सहाला राळेच्या कढईखाली तिचा जाळ पेटलेला असायचा. मी सातला यायचो.

मी निवृत्ती. पत्रा ठोकणं आणि रिबिटा मारणं हे माझं काम. चौतीस वर्षं केलं. पुष्कळांबरोबर केलं. काम कसं करावं हे ज्यांच्याकडे पाहून कळलं अशी माणसं दोनच. एक जानराव, आमचा मालक. दुसरी जनकाबाई.

कारखान्यात मोटारींची अंगं बांधली जायची. आत लाकडाचा सांगाडा, वरून पत्रा. दोन पत्रे जिथे भेटतात तो सांधा. पाणी सांध्यातूनच शिरतं आणि लाकूड आतून कुजवतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी सांधे उघडून पुन्हा भरावे लागतात. जुनं सगळं खरवडायचं. मग सांध्यात ताग ठासायचा, वर राळ आणि उकळलेलं जवसाचं तेल, त्यावर कापडाची पट्टी, मग लांबीचा लेप, शेवटी सफेद्याचा रंग. जुन्यावर नवं लावलं तर काम निम्म्या वेळात होतं आणि एका पावसाळ्यात सुटतं. जनकाबाई जुन्यावर नवं लावत नसे. हे काम ती मेहकरच्या रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीत निम्मं शिकली होती, निम्मं जानरावकडे.

तिचा डावा कान बंद होता. नवऱ्याने बैल हाकायची तुतारी, म्हणजे आर लावलेली काठी, कानावर मारली होती. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, तीही त्यानेच केलेली. त्याचं नाव अर्जुन. तो डोणगावचा, तीही डोणगावची. लग्नानंतर सहा वर्षं तिने मार खाल्ला आणि एका सकाळी एस.टी.त बसून नांदुऱ्याला निघून आली.

तिच्या समाजात काडीमोड होती. नवऱ्याने पंचांसमोर उजव्या हाताने ज्वारीची काडी मोडायची, की दोघं मोकळे. नवऱ्याने नाही मोडली तर बाई बांधलेलीच. त्याने तिला केव्हाही, कुठूनही ओढून न्यावं, कोणी आडवं येत नसे. दोनदा पंच बसले. दोन्ही वेळा अर्जुन हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "नाही मोडत जा."

जनकाबाईला दुसरं काही नको होतं. तेवढी काडी हवी होती.

महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती, त्या साली जेठात कारखान्यात एक गाडी आली. इंद्रभान शेठचा तंबूचा सिनेमा होता. जत्रा-बाजार धरून तो जिल्हाभर फिरायचा. पावसाळ्यात खेळ बंद, पण शेठ त्याच गाडीत राहायचा. जुन्या लॉरीवर लाकडी खोली बांधलेली होती. आत दोन पलंग, एक कपाट, स्टोव्हला ओटा, त्याच्यावर छपरात धुराची खिडकी, बाजूंना गज लावलेल्या दोन खिडक्या, मागे दार. आम्ही तिला मुक्कामी गाडी म्हणायचो. त्या गाडीचा नवा ड्रायव्हर अर्जुन होता. उतरला तोच त्याला कढईपाशी बायको दिसली.

"अरे वा!" तो मोठ्यानं म्हणाला. "बाई राळ उकळून राह्यली! घरी इले चूल सारवता येत नव्हती."

"तुहा बिस्तरा काढ आतला," जनकाबाई म्हणाली. "मले छपराले हात घालाचा आहे."

ती शिडीवर चढली. पहिल्याच सांध्यात तिने नख घातलं, वास घेतला आणि खाली पाहिलं.

"हे कोनं भरलं?"

"म्या." अर्जुनने छाती पुढे काढली. "गाडा नदीत उतरते, आखात पानी जाते का? वंगन लावलं का पानी जवळ येत नाही."

"आख फिरते. छप्पर फिरते का?"

शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस वंगणावर आंधळा भरवसा ठेवतो. करडईचं जुनं तेल आणि जळलेल्या कुटाराची, म्हणजे भुशाची, राख. चाकाला ते उत्तमच. पण ते सुकत नाही. त्याच्यावर ना राळ धरत, ना लांबी. उन्हात वितळून ते लांब पसरतं आणि जिथे जातं तिथला पत्रा नासवतं. अर्जुनने सगळे सांधे वंगणाने भरले होते. छपराचे आणि बाजूंचे मिळून एकशे दहा फूट.

"किती दिवस?" शेठने विचारलं.

"बारा."

"मृग चार दिवसांवर आला. पाच दिवसांत द्या. वरून लांबी फासा न, कोन पाहते?"

"पाचात पाह्यजे त दुसऱ्यापासून करून घ्या, शेठ. मी वंगनावर लांबी नाही लावत."

अर्जुनने तिच्या पायाखालची शिडी ओढली. ती चार फुटांवरून पडली. तो तिच्या केसांना धरून तिचं डोकं मडगार्डवर आपटत होता आणि ओरडत होता, "शेठले उलटं बोलतं? कोनाच्या जिवावर बोलतं?" तिसऱ्यांदा आपटेपर्यंत मी पोहोचलो. मडगार्डवरून रक्त खाली गळत होतं. जानराव घण घेऊन आला.

"अर्जुन," तो सावकाश म्हणाला, "हा कारखाना माहा आहे. इथं कोनावर हात उचलाचा त मी उचलतो. सोड."

अर्जुनने सोडलं. चार माणसं पाहत होती. शेठही. अर्जुनला आपली लाज झाकायची होती म्हणून तो हसला.

"बरं. पाहू इची कारागिरी. बारा दिवस घे. मंग छपरावर पानी ओतू. आत एक थेंब पडला त त्याच पावली माह्या घरी याचं. नाही पडला त मी काडी मोडतो, जाय!"

जनकाबाईने कपाळावरचं रक्त पदराने पुसलं. "पंचाईपुढं म्हनशीन?"

"हाव. म्हनीन."

"मिस्तरी, आयकलं?"

"आयकलं," जानराव म्हणाला.

"शेठ?"

शेठने मान डोलावली. त्याला गाडी कोरडी मिळण्याशी मतलब होता.

त्यानंतर मी जे काम पाहिलं ते पुन्हा पाहिलं नाही. तिने आधी रॉकेलच्या चिंध्यांनी वंगण पुसलं. मग राखेचं आणि धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी मारलं. मग खरवडणी घेऊन उघडा पत्रा लागेपर्यंत खरवडलं. जेठातलं ऊन, पत्रा तव्यासारखा तापलेला. गुडघ्याखाली ओलं पोतं टाकून ती बसायची. पोतं अर्ध्या तासात वाळायचं. सांधा साफ झाला की नाही हे ती पाण्याने पाहायची. चार थेंब शिंपडायची. पाणी पसरलं तर पत्रा साफ. थेंब गोळा होऊन राहिला तर वंगण शिल्लक. मग पुन्हा रॉकेल, पुन्हा सोडा, पुन्हा खरवडणी. दिवसाला अठरा-वीस फूट व्हायचे. सोड्याने तिच्या बोटांची कातडी सोलली. तिने बोटांना चिंध्या बांधल्या. चिंध्या संध्याकाळपर्यंत लाल व्हायच्या.

अर्जुन बाभळीखाली बिड्या ओढत बसायचा आणि शिव्या द्यायचा. चौथ्या दिवशी त्याने राळेच्या कढईला लाथ मारली. उकळती राळ तिच्या नडगीवर सांडली. तिने पाय हौदात घातला, राळ थंड झाल्यावर कातडीसकट ओढून काढली. अर्ध्या तासाने ती छपरावर होती.

सहाव्या दिवशी ती जेवून आली, थेंब शिंपडले, आणि सकाळी साफ केलेल्या दहा फुटांवर थेंब गोळा होऊन बसले. बोटाने वंगण फिरवलेलं होतं. ती खाली उतरली, अर्जुनचा बिस्तरा सोडला, त्याची नवी सतरंजी दातांनी धरून उभी फाडली आणि त्या तुकड्यांनी वंगण पुसायला बसली.

अर्जुनने कमरेचा पट्टा काढला. तो छपरावर चढून मारत होता आणि ती पालथी पडून सांधा पुसत होती. पट्ट्याचं पितळ दोनदा तिच्या पाठीत रुतलं. जानरावने त्याला पाय धरून खाली ओढला. तो मातीत तोंडावर पडला, दात ओठातून आरपार गेला. जानराव म्हणाला, "आता चावून-चावून बोल बे." माणसं हसली. जनकाबाई हसली नाही. तिचे ते दहा फूट पुन्हा व्हायचे होते.

त्यामुळे बाराचे तेरा दिवस झाले. पाऊस लांबला होता, ते तिच्या पथ्यावर पडलं. तेराव्या दिवशी दुपारी सफेद्याची पट्टी सुकली.

पाणी मारण्याआधी धुरी देण्याची आमची रीत होती. घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओला कडुलिंब. घमेलं आत ठेवायचं, दारं-खिडक्या घट्ट लावायच्या आणि बाहेरून पाहायचं. धूर जिथून निघेल तिथे भोक. धूर पाण्यापेक्षा बारीक असतो. घमेलं ठेवायला जनकाबाई स्वतः जायची.

मी विहिरीवर घागर भरायला गेलो होतो. बाकीचे मागे जेवत होते. परत आलो तेव्हा गाडीचं दार लागलेलं होतं आणि अर्जुन दाराला पाठ लावून बिडी ओढत होता. मी गाडीभोवती फिरलो. छपराकडे पाहिलं, कडांकडे पाहिलं. धुराचा दोरासुद्धा नव्हता. मी मनात म्हणालो, काय भरलं आहे बाईनं. घागर डोक्यावर तशीच होती.

हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. आत माणूस मरत होता आणि मी बाहेरून कामाची वाहवा करत होतो.

मग अर्जुन दाराला तोंड लावून म्हणाला, "बोल. घरी येतं का? हाव म्हन, उघडतो."

घागर माझ्या डोक्यावरून पडली. त्याच वेळी डावीकडची काच फुटली आणि गजांतून तिचा हात बाहेर आला. मागून धूर आला. कडुलिंबाचा नव्हता. मिरच्यांचा होता. माझ्या नाकात गेला आणि मी जागेवर दुमडलो. तिने घमेलं ठेवलं तेव्हा त्याने मागून पसाभर सुक्या मिरच्या विस्तवावर फेकल्या आणि बाहेरून कडी घातली होती.

मी कडीकडे धावलो. अर्जुनने चाक उघडायची टामी उचलली आणि माझ्या खांद्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पडल्या जागेवरून बोंब मारली. जानराव आला. अर्जुन त्याच्याकडे वळला तेवढ्यात मी डाव्या हाताने कडी ओढली.

जनकाबाई रांगत बाहेर आली. डोळे मिटलेले, तोंडातून लाळ आणि रक्त. हाताला लागलं ते तिने उचललं. पत्रा ठोकायची माझी लाकडी मोगरी होती, चार शेर वजनाची. अर्जुनने टामी पुन्हा वर केली. ती आवाजाच्या रोखाने उठली आणि तिने मोगरी त्याच्या उजव्या मनगटावर घातली. टामी पडली. तो खाली बसला. हात जमिनीवर टेकलेला होता. तिने डोळे उघडून नीट पाहिलं आणि त्याच मनगटावर दुसऱ्यांदा घातली. पहिला घाव गरजेचा होता. दुसरा नव्हता. पण पाहणाऱ्यांपैकी कोणी तिला थांबवलं नाही.

"छपरातली धुराची खिडकी काऊन नाही फोडली?" मी नंतर विचारलं. "ती हाताजवळ होती."

"तिच्या भवताल माहा सांधा होता," ती म्हणाली.

जानराव पोलिसांत जाणार होता. तिने त्याचा सदरा धरला. "नोका जाऊ, मिस्तरी. तो जेलात गेला त काडी कोन मोडन?"

फुटलेल्या खिडकीला जानरावने संध्याकाळी पत्रा लावला. माझा खांदा बांधलेला होता, मी फक्त उभा होतो. सुजलेल्या डोळ्यांनी, बोटांनी चाचपून तिने तोही सांधा भरला. दुसऱ्या दिवशी विहिरीपासून माणसांची रांग लावली आणि छपरावर दोनशे बादल्या ओतल्या. इंद्रभान शेठ पांढरं धोतर नेसून आत पलंगावर उताणा पडला होता. बाहेर आला तेव्हा धोतराची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"थेंब नाही," तो म्हणाला. तिथेच त्याने अर्जुनला कामावरून काढलं. हात मोडलेला ड्रायव्हर त्याला काय करायचा होता?

आठ दिवसांनी डोणगावला पंच बसले. मी आणि जानराव साक्षीला गेलो. अर्जुनने पैज कबूल केली. एवढी माणसं पाहत होती, नाकारणार कसा? पंचांतले मोठे उकंडराव. त्यांनी ज्वारीची काडी पुढे केली. अर्जुनने झोळीतला उजवा हात काढून दाखवला. दोडक्यासारखा सुजून काळा पडला होता. बोट हलत नव्हतं.

"मोडतो म्हनलं होतं," तो म्हणाला. "कशानं मोडू?"

जनकाबाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मिरचीच्या धुरातून निघाली तेव्हाही तो तसा नव्हता. ज्या हाताने काडी मोडायची तोच हात तिने दोन घावांत मोडला होता.

"डाव्यानं मोडू द्या," जानराव म्हणाला.

"डावा कसा चालन?" उकंडराव म्हणाले. "डाव्यानं का कोनी काडी मोडली आजलोक? उद्या हा म्हनन, मी मोडलीच नाही."

पंच तासभर बोलले. ठरलं ते असं. हात तिने मोडला, बरा तिने करून द्यायचा. बरा झाला की त्याने काडी मोडायची, त्यात आता नाही म्हणता येणार नाही. हात कामातून गेला तर काडीही गेली.

"कबूल," जनकाबाई म्हणाली.

नांदुऱ्यापासून चार मैलांवर मलकापूरच्या वाटेला एक हाडवैद होता. त्याने हात चाचपला. हाड वाकडं जुळायला लागलं होतं.

"पुन्हा मोडा लागन," तो म्हणाला.

मी डावा हात लावून अर्जुनच्या छातीवर बसलो. जानराव पायांवर. कोपर जनकाबाईने धरलं. हाडवैदाने मनगट दगडाच्या कडेवर ठेवलं आणि वरून आपलं सगळं वजन टाकलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. अर्जुन ओरडला, मग मुतला, मग बेशुद्ध पडला. जनकाबाई हाताकडेच पाहत होती.

"सरळ बसलं का?" तिने विचारलं. "मूठ मिटन न?"

"मिटन."

"पुन्हा पाहा."

त्याने पुन्हा पाहिलं.

अर्जुन हाडवैदाच्या अंगणातच राहिला. मालगाडीच्या शिट्टीला उठून ती आता चार मैल जास्त चालायची. आधी त्याला भाकरी आणि उकडलेलं अंडं, मग कारखाना. पहिल्या दिवशी त्याने भाकरी तिच्या तोंडावर फेकली. तिने उचलली, झटकली आणि पुन्हा पुढे ठेवली.

"खाय. हाड भरलं पाह्यजे."

"हाड भरलं का पह्यले तुहा गळा धरीन."

"पह्यले काडी मोड. मंग पाहू."

दहाव्या दिवशी त्याने हाताला बांधलेल्या बांबूच्या कामट्या रागाने सोडल्या. तिने त्याच्या छातीवर गुडघा ठेवून त्या पुन्हा बांधल्या. त्याने डाव्या हाताने तिच्या बंद कानावर मारलं. गाठ पक्की बसेपर्यंत तिने मान वळवली नाही. विसाव्या दिवशी अंगठा हलला. तिसाव्याला बिडी धरता आली. एकेचाळिसाव्या दिवशी हाडवैदाने कामट्या सोडल्या आणि त्याला मूठ मिटायला लावली. जनकाबाईने त्या मुठीत आपली वाकडी करंगळी घातली आणि म्हणाली, "दाब." त्याने जीव खाऊन दाबली. करंगळीतून कळ गेली असणार. ती म्हणाली, "झालं."

श्रावण लागला होता. डोणगावला पंच बसले. काडी गेल्या सालची, खडखडीत वाळलेली, तिने स्वतः निवडून आणली होती. अर्जुनने ती उजव्या हातात धरली आणि अंगठ्याने मोडली.

तिची तेरा दिवसांची मजुरी आणि दोन उन्हाळ्यांची शिल्लक कशात गेली ते मला ठाऊक आहे, कारण हाडवैदाला पैसे देताना मी बाजूला उभा होतो. हात पुन्हा मोडून बसवल्याबद्दल त्याचा मोबदला, बांबूच्या कामट्या, तिळाचं तेल, एकेचाळीस अंडी, आणि शेवटी नांदुऱ्याहून डोणगावची एस.टी.ची तिकिटं. जाताना दोन, येताना एक.